आधी सँपल दाखवा

पार्टच्या दुकानात माणूस वस्तू घेऊन जातो आणि गोष्ट मागे ठेवून जातो. माल खपतो, गोष्टी साठत राहतात. त्यांना गिऱ्हाईक नाही. नाशिकला द्वारका चौकाजवळ तात्यांच्या दुकानात मी नव्वदच्या सुमाराला लागलो आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं काउंटरवरच काढली. रेडिएटर, वॉटर पंप, होस पाइप, फॅन बेल्ट, असा गाडी थंड ठेवणारा सगळा माल. तोही जुन्या गाड्यांचा, म्हणजे मिळाला तर नशीब!

तात्यांचा नियम एकच. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हात पुढे करायचे, "आधी सँपल दाखवा." जुना पार्ट हातात आल्याशिवाय नवा काढायचा नाही. आमच्या धंद्यातलं शहाणपण ते एवढंच, असं मला तेव्हा वाटायचं.

लासलगावचे एक कांदा व्यापारी होते. त्यांच्या जीपचा रेडिएटर गळायला लागला, तर ड्रायव्हरने त्यात हळद टाकली. हा उपाय आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. चिमूटभर हळद बारीक भोक बुजवते. पण या गड्याने अख्खा पुडा ओतला होता! रेडिएटर काउंटरवर आला तेव्हा आत नुसता पिवळा गाळ. तात्यांनी वास घेतला आणि विचारलं, "शेठ, फोडणी तुम्ही देणार की आम्ही?"

शेठ हसले नाहीत. नवा रेडिएटर घेतला आणि निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ड्रायव्हरला काही बोलू नका, पुडा मीच आणून दिला होता.

गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे पद्मिनी गाडी होती. स्वतः यायला वेळ नाही, म्हणून ते फोनवर होस पाइपचं वर्णन करायचे. एवढा लांब, इकडे वाकडा, तिकडे जाड. दोनदा पाइप पाठवला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तात्यांनीच फोन घेतला. "डॉक्टर, पेशंट न बघता औषध देता का तुम्ही?"

पलीकडून शांत उत्तर आलं, "देतो की. मागच्या आठवड्यात तुमच्याच घरी दिलं."

तात्यांनी फोन ठेवला आणि पाच तऱ्हेचे पाइप पिशवीत घालून मला डॉक्टरांकडे पिटाळलं.

पेठकडून एक काळी-पिवळी जीपवाला आला. फॅन बेल्ट पाहिजे म्हणाला. सँपल मागितलं तर त्याने सायकलच्या ट्यूबचं, पीळ देऊन गाठ मारलेलं वेटोळं काउंटरवर ठेवलं. तात्या म्हणाले, अरे बाबा, हा बेल्ट नाही.

तो म्हणाला, "बेल्ट तुटला. ही नाय तुटली. अशीच द्या."

आम्ही दोन दिवस हसत होतो. त्याचं काय चुकलं होतं, सांगा? गाडीवर होतं ते आणा म्हणालो, त्याने ते आणलं.

आणि सिन्नरचे गुरुजी. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली, ती बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नाशिकला यायचं आणि एसटीची पायरी काही त्यांना चढवेना. पण ही गाडी जाताना शिंदे-पळशाजवळ उकळायची आणि येताना मोहदरीच्या घाटात. येताना उशीर झाला तरी चालायचं. जाताना झाला की पंचाईत, कारण मशीनची वेळ ठरलेली आणि मागे दुसरा पेशंट बसलेला. जेवढा उशीर तेवढा वेळ कमी, आणि मग काकूंच्या पायांवरची सूज उतरायची नाही. गुरुजी हे सगळं शांतपणे सांगायचे. सांगताना हातातला पार्ट मात्र उगाच पुसत राहायचे.

पंप बदलला, पाइप बदलले, शेवटी रेडिएटरही बदलला. रेडिएटरची कॅप तर तीनदा. दर वेळी गुरुजी जुनी कॅप आणायचे, तात्या ती निरखून अगदी तशीच नवी काढून द्यायचे, आणि गाडी उकळायची.

एका दुपारी अँबॅसिडरच्या कॅपचा नवा खोका आला. गुरुजी नवी घेऊन गेले होते, त्यांची तिसरी जुनी कॅप अजून काउंटरवरच पडली होती. तात्यांनी सहज दोन्ही अंगठ्याने दाबून पाहिल्या. गुरुजींची चटकन दबली. ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची होती! आधीच्या मालकाने बसते म्हणून बसवली असणार. कुकरची शिट्टी हलकी असली की वाफ लवकर सुटते, तसं तिच्यातून पाणी सुटत होतं. आणि आम्ही दीड वर्ष तिचीच जुळी बहीण देत होतो.

तात्या स्टुलावर बसले. "गाडीवर काय होतं तेच बघत बसलो मी," म्हणाले. "काय पाहिजे ते कधी बघितलंच नाही."

त्याच संध्याकाळी एसटीने ते सिन्नरला गेले. आपल्या हाताने बरोबर कॅप बसवली आणि चूक माझी, असं काकूंसमोर सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत, याचंच तात्यांना जास्त वाईट वाटलं. गाडीतून काढलेली हलकी कॅप त्यांनी परत आणली आणि भंगाराच्या खोक्यात टाकली.

पुढचे दोन महिने गाडी एकदाही उकळली नाही. मशीनची पूर्ण वेळ मिळायला लागली, काकूंची सूज उतरली. मग एक दिवस गुरुजी दुकानात आले. मला वाटलं, पेढे आणले असतील.

पण हात रिकामे होते. मग म्हणाले, पूर्वी येताना घाटात गाडी उकळली की आम्ही कठड्यावर बसायचो. इंजिन गार होईपर्यंत ही बोलायची. माहेरचं, पोरांचं, कधी मी काय चुकलो तेही. आता थेट घरी पोचतो, आणि ही आत जाऊन झोपते.

"मग थांबत जा की घाटात," तात्या म्हणाले.

"थांबवली होती एकदा. म्हणाली, गाडी बरी आहे ना? मग माझ्यासाठी थांबू नका, मी काही एवढी आजारी नाही."

 गुरुजींनी भंगाराच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"ती कॅप असेल तर द्या. जाताना नवी लावीन, येताना जुनी."