फ्लेक्सच्या खुर्च्या आणि माझी बदली

मला ग्वाल्हेरला बदली हवी होती. पुढचा सगळा तमाशा त्यातून झाला.

ग्वाल्हेरला बाबा एकटे राहत होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, आणि मागच्या वर्षी हलका झटका येऊन गेल्यापासून डावा हात मंद झालेला. आई नाही, मी एकुलती एक, लग्न केलं नाही. प्रमोशन घेऊन उज्जैनला आले ती इथेच अडकून पडले. नानाखेड्याला दोन खोल्या घेतल्या. 'बाबा, माझ्याकडे या' म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "आणि संध्याकाळी मेंढीकोटाला चौथा कोण, तू बसवणार का?" त्यांचे तीन दोस्त रोज येत, पत्ते कमी आणि भांडणं जास्त. त्या तासाभरासाठी बाबा दिवस काढत. त्यांना तिथून उचलून आणणं म्हणजे झाड मुळासकट काढणं होतं, ते मला नको होतं. म्हणून मीच जायचं ठरवलं. अर्ज दिला. अर्जावर साहेबांची शिफारस लागते.

आमचं ऑफिस विम्याचं, टावर चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. साहेब नवे, रीवाकडचे, गोड बोलणारे. त्याच सुमारास वरून हुकूम आला की ऑफिसातल्या कबाडातून कामाच्या वस्तू करा आणि फोटो पाठवा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विसरले. मीही विसरले असते, पण माझ्या खुर्चीचं रेक्झीन फाटून स्प्रिंग टोचायला लागली होती आणि नवी खुर्ची काही मंजूर होईना. एका शनिवारी माझं डोकंच फिरलं. स्टोअरमध्ये जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. दर श्रावणात पालखीच्या सवारीच्या वाटेवर आमचं ऑफिस शुभेच्छांचे मोठे फ्लेक्स लावतं, मग ते तिथे येऊन सडतात. मी कात्री घेतली, लांब पट्ट्या कापल्या, आणि खाटेला नवार विणतात तशी खुर्ची विणून काढली. छापील बाजू खाली, पांढरी वर. आमच्या घरात बाबांच्या पँटची पिशवी व्हायची आणि पिशवीचं पायपुसणं, तेव्हा हाताला काही नवीन नव्हतं.

सोमवारी साहेब खुर्चीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मैडम, आप तो छुपी रुस्तम निकलीं." आणि मी काय करावं? मनात म्हटलं, हीच संधी. माणूस खूश आहे, अजून खूश करू, शिफारस पदरात पाडून घेऊ. मग मी सुटलेच. सगळ्यांच्या खुर्च्या विणल्या. बंद पडलेल्या मॉनिटरच्या खोक्यांत मनीप्लांट लावले. एजंटांच्या सत्कारातून उरलेल्या शालींचे पडदे शिवले. दर वस्तूचा फोटो वर जायचा, वरून शाबासकी यायची, आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायचे, "सर, वो मेरा ट्रांसफर?" साहेब हसून म्हणायचे, "देखते हैं, मैडम. ये रिसेप्शन वाला हो जाए पहले."

रिसेप्शनवालं झालं. मग जेवणाच्या खोलीतलं निघालं.

काम जितकं चांगलं तितकी बदली लांब, हे हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं होतं. एकदा मुद्दाम बाकडं ढिलं विणलं, बसलं की माणूस खाली जायचा. म्हटलं, आता तरी नाक मुरडतील. साहेब त्यात बसले, खाली गेले, आणि म्हणाले, "वाह, झूले का मज़ा." त्याचाही फोटो वर गेला. कपाळ माझं.

आणि मग ते झालं. आमचे बडे बाबू, ऑफिसातले सगळ्यांत जुने, अत्यंत सोवळे गृहस्थ, पेन पडलं म्हणून वाकले. खुर्चीच्या खालच्या बाजूला त्यांना त्रिपुंड्र दिसलं, आणि त्याखाली एक डोळा. महाकालांचा. श्रावणातला फ्लेक्स, त्यावर दुसरं कोण असणार? मी गुंडाळी उलगडून पाहिलीच नव्हती, पांढऱ्या बाजूकडून सरळ पट्ट्या कापत गेले होते. बडे बाबू कितीतरी दिवस देवावर बसून हिशेब करत होते. उठले, सरळ रामघाटावर गेले, आणि ओल्या डोक्याने परत येऊन स्टुलावर बसले. अख्खं ऑफिस उभं राहिलं. जो तो आपली खुर्ची उलटी करून बघायला लागला.

मला लाज वाटली, खरंच वाटली. मीही दर सोमवारी दर्शनाच्या रांगेत उभी राहणारी बाई आहे. पण खोटं कशाला सांगू, पोटातून एक आनंदही वर आला. म्हटलं, सुटले. आता हे खूळ बंद.

कसलं बंद. साहेबांनी ओळखीच्या पुजाऱ्यांना फोन लावला, त्या पट्ट्या काढवल्या, लाल कपड्यात बांधल्या. देवाचा फ्लेक्स कुठे विसर्जित करायचा हे पुजाऱ्यांनाही सांगता येईना, म्हणून ते गाठोडं अलमारीच्या वर ठेवलं, आणि ते अजून तिथेच आहे. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आगे से एक-एक फ्लेक्स मैडम खुद छाँटेंगी. और किसी का भरोसा नहीं." क्लेमचं टेबल, जे मी मान मोडून शिकले होते, ते दुसऱ्या बाईंना दिलं. मला स्टोअरची किल्ली दिली.

शेवटी विभागाचे मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं. बाबांची तब्येत सांगितली, अर्ज सांगितला. मोठे साहेब खुर्चीच्या विणीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "अरे, ऐसे हाथ हम ग्वालियर को दे दें? पहले ये मॉडल ऑफिस बने, आप बाकी ब्रांचों को सिखाइए, फिर सोचेंगे." सगळे हसले, कौतुकानेच हसले. मला शाल दिली. मी स्टोअरमध्ये गेले, दार लोटलं आणि ढसाढसा रडले. राजीनामा द्यावा म्हटलं तर दोन घरं माझ्या पगारावर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण शेजारच्या काकूंनी हाका ऐकून दार उघडेपर्यंत ते तसेच फरशीवर होते. मी धावत गेले. रजा संपायला आली तेव्हा बाबाच म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर." मी म्हटलं, आणि संध्याकाळचं काय? ते म्हणाले, "ते बघतील कोणीतरी चौथा." स्टेशनवर तिघेही पोचवायला आले होते. गाडी सुटेपर्यंत त्यांच्यातलं कोणी भांडलं नाही. मला तेच सहन होईना.

नानाखेड्याला बाबा शहाण्यासारखे राहतात. तक्रार नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, आणि संध्याकाळी मी येईपर्यंत गॅलरीत बसून बस स्टँडकडे जाणाऱ्या गाड्या बघणं. साहेबांना कळलं तसं त्यांनी लकडा लावला, "बाबूजी को लाइए, बेटी का काम दिखाइए." शेवटी एका दुपारी घेऊन गेले. साहेबांनी सगळं फिरवून दाखवलं, पडदे, कुंड्या, झुल्याचं बाकडं, आणि बाबांना चांगल्यापैकी एका खुर्चीत बसवलं. तेवढ्यात साहेबांना फोन आला, ते खिडकीकडे गेले.

बाबांनी उजव्या हाताने बैठक चाचपली. पट्टी कुठे वरून जाते, कुठे खालून, ते बोटाने बघत राहिले.

"घट्ट विणलंयस," ते म्हणाले. "छान आहे."

मी शालीच्या पडद्याची चूण सरळ केली.

"इतकं छान कशाला केलंस गं?"

रागाने नाही विचारलं. एखादं गणित मुलीने कसं सोडवलं ते विचारावं तसं विचारलं. तेवढ्यात साहेब फोन संपवून परत आले, "बाबूजी, एक फोटो हो जाए," म्हणत मोबाइल समोर धरला. बाबा हातावर जोर देऊन उठायला लागले, तर साहेबांनी खांद्याला धरून त्यांना हळूच खाली बसवलं.

"नहीं नहीं, बैठे रहिए. कुर्सी दिखनी चाहिए."

बाबा बसून राहिले.