दगडाची धूळ आणि गांगुर्डे मॅडम

गांगुर्डे मॅडम मायक्रोस्कोपसमोर बसत नसत. गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये त्या उभ्यानंच नमुन्याची काच बघत, मध्येच खिडकीशी जात, परत येत. "बसलं की डोळा आळसावतो गं," म्हणत. मी नवी होते. त्यांच्या येरझाऱ्या बघूनच मला दम लागायचा.

एकदा नामदेव आला. पंचवटीपलीकडच्या एका कारखान्यात तो ग्रॅनाइट कापायचा. खोकला महिनोन्‌महिने, पण थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. मॅडमना काचेवर दिसले ते पेशींच्या पोटात अडकलेले धुळीचे कण.

"कापताना पाणी सोडता का रे?"

"नाय मॅडम. लय चिखल होतो, मालक वरडतो."

मॅडमनी मालकाचं नाव विचारलं. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ निघाला.

बारीक ब्रशनं त्यांनी स्वतःच्या नाकातल्या पेशी घेतल्या, मग नामदेवच्या. आधी त्याला स्वतःच्या दाखवल्या. "पेशींवरची ही लव बघ, कशी हलतेय. फुप्फुसात जाणाऱ्या नळ्यांनाही आतून असंच अस्तर असतं. धूळ वर ढकलत राहतं."

"भातावरून वारं गेल्यावानी दिसतंय!"

मग त्याची काच. काही पेशींवर लवच नव्हती, काहींची जेमतेम थरथरत होती. नामदेवनं मायक्रोस्कोपवरून डोळा हटवला. "मंग आता?"

"धूळ थांबली तर लव पुन्हा येईल. खोल फुप्फुसात रुतलेली धूळ मात्र निघत नाही." खोटा धीर देणं त्यांना जमत नसे.

मॅडमनी पाणी सोडायला सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू तुझ्या काचा बघ. धंद्यात पडू नकोस." भाऊबीजेला तो पाटावर बसला, तेव्हा मॅडमनी तबक खाली ठेवलं. "मशीनवर पाणी सुरू झालेलं डोळ्यांनी बघेन, मगच ओवाळीन." तो तणतणत उठला; पण त्याच आठवड्यात पाण्याची नळी जोडली गेली.

नामदेव तरीही गेला. पुढच्या उन्हाळ्यातच. त्याची बायको सिंधू त्याच्या तपासणीचे जुने कागद न्यायला आली. बोलता बोलता खोकली. मॅडमचे पाय थबकले.

"आता पाणी सोडतात ना तिथं?"

"सोडतात की. पण सकाळपर्यंत गाळ वाळून पीठ होतं त्याचं. ते झाडावं लागतं."

"कोण झाडतं?"

"मीच."

"मी मशीन बघून आले गं," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाडू बघितलाच नाही."

तिथल्या तिथं त्यांनी सिंधूच्या पेशी घेतल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"लव विरळ झालीये, पण हलतेय. अजून हलतेय!"

"मंग उद्या कामावर जाऊ ना?" सिंधूनं भीत भीत विचारलं. "घरी दोन पोरी हायेत."

"आधी मी कारखान्यात जाऊन येते," म्हणत मॅडमनी स्कूटरची किल्ली उचलली. ट्रेमध्ये अकरा काचा बघायच्या राहिल्या होत्या. त्या दिवशी त्या मी बघितल्या.