मास्तरांचा कप्तान

चांगली बातमी आली की आमचे टेलर मास्तर घाबरत. वाईट बातमीला ते पुरून उरत. मशीन बिघडलं, शाळेने गणवेशाचं कापड ऐन वेळी बदललं, दुकानात पाणी शिरलं, तरी माणूस शांत. पण जहाजाचा सातवा सिनेमा येतोय हे सांगायला माझा मित्र ग्लेन उमेळ्याहून थेट तुळिंजला त्यांच्या दुकानात आला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्लेन आणि मी नाचायचेच बाकी होतो. मास्तरांनी अर्धी शिवलेली बाही मशीनखालून काढली, घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आता मारतील त्याला."

'त्याला' म्हणजे कप्तानाला. ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशी अवकाशपट, सहा भाग, हिंदीतही आलेले. ताऱ्यांमधून फिरणारं एक जहाज, त्यावरची माणसं आणि त्यांचा कप्तान. सगळ्यांची नावं लांबलचक आणि जीभ वळणार नाही अशी, म्हणून वसई-विरारच्या आम्हा दहा-बारा चाहत्यांत नुसतं 'जहाज' आणि 'कप्तान' एवढंच चालतं. सहाव्या भागाच्या शेवटी आपल्या माणसांना वाचवण्यासाठी कप्तान एकटाच एका लहानशा यानात बसतो, काळोखात शिरतो, आणि त्याचा आवाज यायचा बंद होतो. सिनेमा तिथेच संपला. पुढची दहा-बारा वर्षं कुणी काही बनवलं नाही.

माझी आणि मास्तरांची ओळख कोटामुळे झाली. मी एव्हरशाईन सिटीत राहते, विम्याच्या कचेरीत नोकरी करते, आणि तिशी उलटून गेल्यावरही वर्षातून एकदा जहाजावरचा गणवेश, म्हणजे निळा कोट, घालून चाहत्यांच्या मेळाव्याला जाते. घरच्यांनी या विषयावर बोलणं सोडून दिलंय. तो गणवेश शिवून देईल असा शिंपी शोधत मी तुळिंजच्या बाजारात फिरत होते. शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवणाऱ्या या दुकानात मोबाईलवरचा फोटो पुढे केला, तर चष्मा कपाळावर चढवून मास्तर म्हणाले, "हा पैल्या सिनेमातला. तिसऱ्यापासून कॉलर उभी केली त्यांनी. तुना कुठला पायजे?" मला तिथेच बसायला स्टूल मिळालं आणि मी ते पुढची चार वर्षं सोडलं नाही.

मास्तरांची एक म्हण होती, बहुतेक त्यांनीच केलेली: आशा हातभर धरावी, भीती वावभर. दोन्ही हात पसरले की होते ती वाव. कोळी लोक पाण्याची खोली तिने मोजतात. मास्तरांच्या वावेत काय काय मावायचं! कप्तानाचं काम करणारा नट आता म्हातारा झाला, त्याला धावता येणार नाही. दिग्दर्शक नवा आहे, आणि नवा माणूस घरात आला की आधी जुनं सामान बाहेर काढतो. नटाने नाही म्हटलं तर कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा बनवतील, आणि त्या चेहऱ्याला घाम येणार नाही. ग्लेन रोज कुठून तरी आशेची बातमी आणायचा आणि मास्तर तिला रोज अस्तरासारखी उलटी करून दाखवायचे. मी मधे बसून दोघांना हसायची. निदान सुरुवातीला तरी.

मास्तर मूळचे अर्नाळ्याचे, कोळ्याच्या घरातले. घरची सगळी माणसं दर्यावर जाणारी, हे एकटे सुईदोऱ्याकडे वळले. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, काज करता करता, मान वर न करता. थोरला भाऊ वादळात दुसऱ्या बोटीवरच्या माणसांना दोर द्यायला गेला. ती माणसं आली, तो आला नाही. काहीच सापडलं नाही. आईने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. माझा पोर यायचाय, म्हणायची. ती गेली, तरी घरात ते तसंच राहिलं. भावकी सांगून दमली, भटजी सांगून दमले.

आणि मग ते म्हणाले, "कप्तान परत आला ना बाय, तर मी अजून वाट बघीन. नाय आला, तर दिवस घालीन."

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. एवढा मोठा माणूस आपल्या सख्ख्या भावाचा निकाल एका परदेशी सिनेमावर सोडतो म्हणजे काय? मास्तरांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "कोनाचं तरी ऐकायला पायजे ना कधीतरी. मग त्याचंच ऐकतो." त्यानंतर मात्र त्यांच्या भीतीला हसणं मला जमलं नाही. उलट तीच भीती मला लागली. सिनेमाची तारीख पुढे ढकलली की मला हायसं वाटू लागलं.

मग झलक आली. दोन मिनिटांची. आम्ही सगळे स्फोट, नवी यानं आणि पाठमोरी म्हातारी आकृती कोणाची, यावर भांडत होतो. मास्तरांनी ग्लेनच्या फोनवर ती चार वेळा बघितली आणि एका ठिकाणी थांबवायला सांगितली. पंधरा-सोळा वर्षांची एक नवीच मुलगी जहाजाच्या दारात उभी होती, अंगात निळा कोट. मास्तरांनी बोट ठेवलं. हा कोट हिच्या मापाचा कापलेला नाही, ते म्हणाले. खांद्याची शिवण उसवून आत घेतलीय, बगलेत जादा कापड दाबलंय, खिसे म्हणून खाली गेलेत. हा कप्तानाचा कोट आहे.

ग्लेन आनंदाने ओरडला, म्हणजे ती त्याला भेटली असणार. मास्तरांनी फोन त्याला परत दिला. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे किती जण बापाचा, आजोबांचा कोट लहान करायला घेऊन आले होते, आणि कधी आले होते, हे त्यांना पाठ होतं. "जित्या मानसाचा कोट कोन उसवत नाय," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केलं. घरी येऊन मी ती झलक पुन्हा बघितली, आणि मलाही आता त्या कोटाच्या शिवणीशिवाय दुसरं काही दिसेना.

सिनेमा लागला तेव्हा सकाळच्या पहिल्या खेळाला आम्ही सगळे गणवेश घालून वसईच्या थिएटरात जमलो. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले, तिकीट हातात घेतलं, आतल्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. म्हणाले, मला बघवणार नाही, तुम्ही बघा. "मना काय बोलू नका. मी विचारीन तवाच सांगा." मग वळले आणि जिना उतरून गेले.

कप्तान जिवंत होता. शेवटच्या अर्ध्या तासात तो परत येतो, थकलेला, दाढी वाढलेला, एका सदऱ्यावर. वाटेत सापडलेली ती अनाथ मुलगी थंडीने काकडत होती, दुसरं कापड नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने आपला कोट उसवून तिच्या मापाचा केला होता. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मी मात्र हमसून हमसून रडत होते, आणि बाजूच्या बाईंनी मला रुमाल दिला.

बाहेर आल्यावर आम्ही शपथ घेतली: मास्तर विचारेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्यांना तसा धोका नव्हता. त्यांचा फोन साधा बटणांचा, आणि दुकानात येणाऱ्या आयांना जहाजाशी काही देणंघेणं नव्हतं. धोका आमच्याच तोंडांचा होता. म्हणून मी दुकानात गेले की चेहरा दगडासारखा ठेवायची. हसू फुटेल म्हणून त्यांच्याकडे बघायचंच टाळायची. ग्लेन तर दुकानासमोरून मान खाली घालून जायचा, थांबला तर बोलून बसू या धास्तीने. मास्तर विचारत नव्हते. मीही घाई केली नाही. बातमी चांगली होती, ती काही मासळी नव्हती, नासायला.

तिसऱ्या आठवड्यात दुकान बंद दिसलं. दुसऱ्या दिवशीही बंद. फोन लागेना. दोन आठवडे माझ्या जिवाला घोर. मग एका संध्याकाळी शटर अर्धं वर दिसलं. वाकून आत शिरले, तर मास्तर मशीनवर बसलेले. डोकं तुळतुळीत, मिशीही काढलेली. अर्नाळ्याला होतो, ते म्हणाले. भटजींनी दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला, तेराव्याला सगळी भावकी जेवून गेली.

मी विचारलं, मास्तर, तुम्ही आम्हाला विचारलं का नाही?

"काय विचारू? तुमची तोंडं दिसत होती ना," ते म्हणाले. "कोन वर बघंना, कोन बोलंना. घरात मानूस गेल्यावर असंच असतं."

शब्द माझ्या जिभेवर होते. तो आलाय, मास्तर. चालत आलाय. कोट त्यानेच उसवला. पण त्यांनी सुईत दोरा ओवला आणि साध्या आवाजात सांगितलं की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते सकाळी आठपर्यंत झोपले. तीस वर्षांत अशी झोप आली नव्हती. मी स्टुलावर बसले. त्यांनी भावाबद्दल खूप सांगितलं. तो गायचा कसा, चिंबोरी पकडायचा कशी, आईला खोड्या करून रडवायचा कसा. इतकी वर्षं जे बोलायची त्यांची हिंमत नव्हती, ते सगळं. मी हं हं करत राहिले. एवढं भ्यायलेली मी कधी नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांनी दुकान आवरलं आणि ते अर्नाळ्याला चुलतभावाकडे राहायला गेले. ये म्हणाले होते. मी गेलेली नाही. ते सिनेमाचा विषय काढतील आणि माझा चेहरा पुन्हा काहीतरी भलतंच सांगेल, याची मला भीती वाटते. ग्लेन म्हणतो, कळलं तर कळलं, आनंदच होईल त्यांना. ग्लेनला सगळ्याचाच आनंद होतो. ज्याला आपल्या हाताने अग्नी दिला, त्याची वाट पुन्हा कुठून बघायला सुरुवात करायची, हे त्याला विचारलं की तो विषय बदलतो.

सातवा सिनेमा आता हिंदीत टीव्हीवर दाखवतात, बहुतेक रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. जाहिरात दिसली की मी आधी वेळ बघून ठेवते. मी काही फारशी देवभोळी नाही. पण त्या रविवारी देवासमोर उभी राहते, आणि तेवढे तीन तास अर्नाळ्याची वीज जाऊ दे म्हणून हात जोडते.