अक्कांची पहिली बरगडी

माणसाचा चेहरा म्हणजे निव्वळ थापाड्या, खरं बोलते ती फक्त मान, असं मानून जगणारी बाई सबंध बंगळुरात एकच होती आणि ती नेमकी माझी घरमालकीण होती. बनशंकरीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. खाली त्या फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेल्या पोरापोरींना यंत्राशिवाय, नुसत्या हातांनी उपचार करायला शिकवायच्या. मूळच्या निपाणीकडच्या, म्हणून सगळ्यांच्या अक्का. बस स्टॉपवर पुढच्या माणसाची मान बघून माझ्या कानात सांगायच्या, "हा व्हाइटफील्डचा, कंप्युटरवाला. दोन स्क्रीन. डावीकडचा मोठा." एकदा तर रिक्षात मागून ड्रायव्हरच्या खांद्यालाच हात घातला. "अण्णा, खांदा स्वल्प खाली सोडा की." त्याने घाबरून रिक्षाच बाजूला घेतली. या शहरात खोली देण्याआधी लोक आडनावावरून जात हुंगतात, ताटात मटण असतं का विचारतात. अक्का मला फक्त "वळ" म्हणाल्या. पाठीवरून बोटं फिरवली. "उजव्या खांद्यावर झोळी घेतीस. काय असतंय एवढं त्यात?" मी म्हटलं, पत्रकं.

तेव्हा माझी मोहीम मान-पाठ मोकळी करायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कोर्सांविरुद्ध चालली होती. हॉटेलचा हॉल, पडद्यावर व्हिडिओ, हातात प्रमाणपत्र, आणि सोमवारपासून तो इसम कुणाचीही मान कटकन वाजवायला मोकळा. मान म्हणजे काय काकडी आहे? मी असं पत्रकात लिहिलंही होतं. अक्कांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि परत दिलं. "सगळं तोंडच आहे की गं ह्यात. हात कुठं हाय?" मला राग आला, पण त्यांच्यावर राग टिकायचा नाही, कारण त्यांची एक रीत मला कुठल्याही घोषणेपेक्षा सच्ची वाटायची. इतर ठिकाणी शिकाऊ लोकांच्या हाताखाली कुणी मोलकरीण, कुणी वॉचमन आणून झोपवतात. अक्का स्वतः टेबलावर झोपायच्या. "गरिबाची पाठ म्हणजे तुमचा फळा न्हवं," म्हणायच्या, आणि पोरांनी चुकीचं दाबलं की पडल्या पडल्या शिव्या घालायच्या. त्याही मराठी-कन्नड मिसळून, म्हणजे कुणी सुटायला नको.

त्या वर्षी नागपूरची एक मुलगी शिकायला होती. मानेचा धडा चालू होता. अक्कांच्या गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, डाव्या खळग्यात तिची बोटं थांबली. "अक्का, इथे कडक लागून राहिलं काहीतरी. हालत नाही."

"हालंल कशाला? पहिली बरगडी हाय ती. सगळी नवखी तिथंच फसतात."

वर्ग हसला. तेव्हापासून त्या जागेचं नावच नागपूरची बरगडी पडलं. पावसाळा सरला. एका दुपारी ती मुलगी माझ्या खोलीत आली. "ताई, बरगडी अशी नसते. आणि ते वाढलं आहे. बाकीच्यांनाही लागतं, पण बोलत कोणी नाही."

माझं डोकंच फिरलं. ही आपली गुरुभक्ती. टेबलाभोवती उभं राहून सगळ्यांच्या बोटांना कळतंय आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, कारण अक्का बरगडी म्हणाल्या. मी तिला घेऊन तशीच खाली गेले आणि भर वर्गात म्हटलं, "अक्का, ही पोरगी चुकत नाहीये. डॉक्टरला दाखवून या."

"माझ्यावर पत्रक छाप की आता."

"छापते. इथल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडवर वाटते."

नेहमीसारखं कुणी हसलं नाही. अक्कांनी एकेकाकडे पाहिलं, एकानेही नजर दिली नाही. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून त्या खळग्यात घातला. शहरभरच्या माना चाचपणाऱ्या या बाईने स्वतःच्या मानेला तोवर हात लावला नव्हता. बोटं तिथे बराच वेळ राहिली. "सरी, बरं," म्हणाल्या. "उद्या जाते."

कॅन्सरचं मूळ पोटात निघालं, मानेत आली होती ती त्याची गाठ. उशीर झालाय हे सांगायला डॉक्टरांनी फार शब्द वापरले नाहीत.

त्यानंतर अक्कांनी एकच वर्ग घेतला. टेबलावर चढायला दोघांनी धरावं लागलं. "दाबू नका. नुसता हात लावा," त्या म्हणाल्या. "हे बोटाला लागलं की आपलं काम संपलं. हात काढायचा आणि डॉक्टरकडं धाडायचं. आणि शिकवणारी बरगडी म्हणाली तर तिचं ऐकायचं नाही. कळालं काय?" एकेक जण आला, हात लावला, बाजूला झाला. नागपूरची मुलगी शेवटी उभी होती. "तू कशाला? तुला येतंय की," अक्का म्हणाल्या.

ती तरीही पुढे झाली. तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि त्या गाठीवर नाही, दुसऱ्या, बऱ्या खांद्यावर ठेवले. अक्कांनी डोळे मिटले. कुठे दाब, कुठे सोड, हे तिला त्यांनी एकदाही सांगितलं नाही.