गॅरेजसकट संकल्प

एकनाथ देवस्थळीनं आयुष्यात एकवीस वेळा सिगरेट सोडली. एवढं सातत्य मी त्याच्यात दुसऱ्या कशातच पाहिलं नाही. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही शेजारी. बायकोला वास येऊ नये म्हणून तो रोज संध्याकाळी गॅरेजचं दार अर्धं उघडून धूर काढायचा, आणि वास सगळ्या गल्लीला यायचा.

२००६ साली चेष्टा संपली. शोभावहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि जुळली ती नेमकी या महाशयांची. डॉक्टरांनी बजावलं, आधी आठ आठवडे सिगरेट बंद. मग रक्त तपासू, त्यात निकोटीन सापडलं तर ऑपरेशन नाही.

एकनाथनं फोन स्पीकरवर टाकून सांगलीच्या गुरुजींकडून संकल्प करवून घेतला. तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडलं आणि नऊ दिवस कळ काढली. दहाव्या दिवशी मी पाना मागायला गेलो, तर स्वारी गॅरेजमध्ये, तोंडात सिगरेट.

“गुरुजी ‘भरतखंडे’ म्हणाले यार,” तो म्हणाला. “संकल्पात जागा सांगावी लागते. ओहायोत तो ॲप्लाय होत नाही.”

व्हिसाच्या फॉर्मांत उमर गेलेला माणूस देवाशीही वकिली करतो. मी त्याला दोन शिव्या हासडल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि सिगरेट पुरी ओढली.

थँक्सगिव्हिंगला त्याची मुलगी अनिका कॉलेजातून घरी आली. मीही जेवायला होतो. ती ग्रीक तत्त्वज्ञान शिकत होती. बोलता बोलता म्हणाली, “यू नो बाबा, जुन्या ग्रीकांकडे विल-पॉवर असं वेगळं काही नव्हतंच.”

एकनाथची कळी खुलली. “ऐकलंस? एवढ्या शहाण्या लोकांकडे इच्छाशक्ती नव्हती, मग माझ्याकडे कुठून येणार?” असं म्हणत त्यानं आणखी एक पुरणपोळी ओढली.

“लेट मी फिनिश,” अनिका म्हणाली. “त्यांच्यातला एक म्हणायचा, जाणूनबुजून कुणी वाईट करतच नाही. जे खरंच बेस्ट वाटतं, तेच माणूस करतो. सो यू थिंक सिगरेट इज बेटर दॅन आई.”

वहिनी भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. मला पोरीचा राग आला, आणि तिचं पटलं म्हणून जास्तच आला.

“अगं, माणसाला कळतं पण वळत नाही,” मी मध्ये पडलो.

“काका, दुसरा ग्रीक तेच म्हणतो. पण त्याच्या मते ते कळणं म्हणजे दारू प्यायलेल्यानं अर्थ न कळता श्लोक म्हणणं.” तिचे डोळे भरले होते.

एकनाथनं अर्धी पुरणपोळी ताटात ठेवली आणि उठून हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला देवळात न्यायला लावलं. इथल्या गुरुजींनी त्याच्या तळहातावर पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला. ‘अमेरिकादेशे’पर्यंत आले, तोच एकनाथनं त्यांना थांबवलं.

“ओहायो म्हणा. डब्लिन म्हणा. रस्ता आणि घर नंबर मी सांगतो.”

“अहो, देशाचं नाव पुरे. देवाला कळतं.”

“देवाला कळतं हो. मला पळवाट सापडते.”

गुरुजींनी निमूटपणे घर नंबरापर्यंत सगळं म्हटलं आणि पाणी सोडायची खूण केली. एकनाथनं बोटं घट्ट जुळवून पाणी अडवून धरलं.

“थांबा गुरुजी,” तो म्हणाला. “गॅरेजसुद्धा म्हणा.”