बद्रीनाथ भाऊसाहेबांचं हमीपत्र

आमच्या कॉलेजात तीन प्राचार्य आले नि गेले, पण पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आणि तो सांभाळणारे क्लार्क बद्रीनाथ भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. हजेरी त्याहून कमी भरली की परीक्षा बंद. मग पालकानं खिडकीवर येऊन हमीपत्र लिहून द्यायचं आणि वर भाऊसाहेबांचं भाषण ऐकायचं. पाचोड-बिडकीनहून एसटीनं आलेली वडीलधारी माणसं मान खाली घालून ते ऐकत. मी शेजारच्या टेबलावर बसते. मला ते भाषण झोपेतही म्हणता येईल.

भाऊसाहेबांची लेक मोनिका पुण्याला शिकायला गेली आणि त्यांच्या बायकोनं, सुरेखावहिनींनी, आमच्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. एक्केचाळिसाव्या वर्षी. भाऊसाहेबांनी पेढे वाटले, तेही अर्धा अर्धा.

यंदा कमी हजेरीची यादी त्यांनी नेहमीसारखी स्वतःच टाइप केली. वहिनींचे अडुसष्ट टक्के भरले होते. नाव गाळायचा मोह झाला असेल. गाळलं मात्र नाही. माणूस हेकट खरा, पण लबाड नाही, हे कबूल करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी खिडकीवर येऊन हमीपत्राचा फॉर्म मागितला. पालकानं समक्ष यावं, लग्न झालेलीच्या नवऱ्यानं यावं, असं त्यावर छापलंय. मजकूर भाऊसाहेबांचाच. ते खुर्चीत बसूनच सही करायला निघाले. मी म्हटलं, आतून चालत नाही, रांगेतून या. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? ते खरंच उठले आणि वळसा घालून रांगेत उभे राहिले. पुढं बिडकीनचे पुंजारामबापू होते. त्यांनी मागं वळून आपुलकीनं विचारलं, "तुमचं बी पोरगं नापास व्हय?"

भाऊसाहेब खिडकीशी आल्यावर मी गैरहजेरीचं कारण विचारलं. त्यांनी वहिनींकडं पाहिलं.

"सकाळच्या तासाला माझा डबा असतो," ते हळूच म्हणाले. "दुपारच्या तासाला माझ्या आईचं जेवण."

मला एकदम हसू येईनासं झालं. त्यांनी फॉर्म ओढून लिहिलं: डबा मी करीन. आईचं दुपारचं मी बघीन. विद्यार्थिनी तासाला बसेल. खाली सही ठोकली आणि पेन खिशाला लावलं.

वहिनींनी कागद उचलून दोनदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग तो त्यांनी परत नवऱ्यापुढं ठेवला.

"कधीपासून, ते लिहा," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली, 'करतो, करतो' ऐकतीय मी. आज तारीख टाका."