रेणूच्या ताकदीच्या गोळ्या

माझ्या बहिणीला आम्ही जाड करून मारलं.

आज रेणूला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तिचे गोल चेहऱ्याचे फोटो फिरताहेत. किळस येते मला.

रेणू काटक होती. मेडशीच्या आमच्या शेतात सोयाबीन सोंगताना भल्याभल्यांना मागे टाकायची. पण पाहायला आलेल्या तिन्ही पाहुण्यांनी पोहे हादडून एकच सांगितलं, "पोरगी चांगली हाये, पण अंगात काहीच नाही."

मग केनवडची आत्या बाजारातून कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन आली. "ताकदीच्या हायेत. महिन्याभरात अंग धरते का नाही पाय."

धरलं. गाल आले. चौथ्या पाहुण्यांनी पसंत केली.

लगेच आत्या म्हणाली, "आता बंद कर. नाहीतर लग्नात ढोल दिसशीन."

तिनं एका झटक्यात बंद केल्या.

आठवड्याभरात उलट्या, ताप, उठवेना. घरचे म्हणाले, नजर लागली. वाशीमला नेलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू होत्या?

आत्या पदर सावरत बाहेर निघून गेली.

संध्याकाळी रेणू गेली.

तेरवीला लोक भात कालवत म्हणत होते, "आताच तं कुठी भरली होती बिचारी." आत्या वाढत होती. मीही जेवले. थू माझ्यावर.

उरलेली पुडी मी पुण्याला नेऊन तपासून घेतली. स्टेरॉइड. गोळीतून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, मग अचानक गोळी तोडली की माणूस कोसळतो.

आता माझं ऐका.

मी लॅबमध्ये चरबीच्या पेशींवर पीएचडी करते. डिशमधल्या कोवळ्या पेशी उगाच चरबीच्या होत नाहीत. आम्ही त्यांना औषधं देतो, त्यातलं एक हेच स्टेरॉइड. ते पेशीत जाऊन गप्प बसलेले जीन चालू करतं. एक जीन पुढचे दहा चालू करतो. थोड्या दिवसांत पेशी तेलाच्या थेंबांनी फुगते. यावर मी स्टेजवर बोलते. टाळ्या घेते.

रेणूनं मला फोन केला होता.

"ताई, ह्या गोळ्यायनं लय भूक लागते. तोंड सुजल्यावानी वाटते. घेऊ का नको?"

मी डिशसमोर होते. हातात त्याच स्टेरॉइडची बाटली.

"ताकदीच्या असतील गं. घे. फोटोत मस्त दिसतेस."

रेणू, तू योग्य माणसालाच विचारलं होतंस.

तुला शेवटचा नमस्कार.